हरल्यानंतरचा सामना

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात १,०७,६०१ माणसे बसतात. महाविद्यालयीन खेळांवर आपल्याकडे चर्चा सुरू झाली की हा किंवा असा एखादा आकडा हमखास निघतो आणि त्यापाठोपाठचे वाक्यही ठरलेले असते : 'आणि आपल्याकडे बघा!' आपल्याकडे, म्हणजे इथे छत्रपती संभाजीनगरात, आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा अंतिम सामना ऐन रंगात आलेला असतो. बघायला कोण, तर दोन्ही संघांचे राखीव खेळाडू, त्यांचे चार मित्र आणि सकाळीच हरून परतीच्या गाडीची वाट पाहणारा एखादा संघ. या दोन चित्रांवरून निष्कर्ष काढला जातो तो असा : प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून खेळ नाही. उपायही त्यातच आला. महाविद्यालयांच्या फ्रँचायझी करा, प्रकाशझोत लावा, टीव्हीवाले बोलवा, प्रायोजक आणा. उरलेले आपोआप होईल.

या मताला जोडून आणखी एक मत येते आणि ते जास्त बोचरे आहे. मुलांना खेळाची आच उरलेली नाही, म्हणतात. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्र हवे म्हणून ती खेळतात. कागद हातात पडला की बूट खुंटीला. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात गाजल्यापासून तर या मताला पुराव्याचे बळही आले आहे.

दोन्ही मते प्राचार्यांच्या दालनात ऐकू येतात, मैदानाच्या कडेला ऐकू येतात आणि वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर वाचायला मिळतात. ती मांडणारे लोक खेळाचे शत्रू नाहीत. त्यांनी सांगितलेल्या वस्तुस्थितीबद्दलही वाद नाही : मैदाने ओस आहेत, निधी तोकडा आहे, मुले प्रमाणपत्र मागतात. वाद आहे तो कारणाबद्दल. आपल्या महाविद्यालयीन खेळाला हंगामच नाही आणि बाकीच्या तक्रारी बऱ्याच अंशी त्यातून निघालेल्या आहेत, असे माझे म्हणणे आहे. अमेरिकी कॉलेज फुटबॉलकडून घेण्याजोगी जी गोष्ट आहे ती आपल्या नजरेतून सुटली, कारण आपण प्रेक्षकांच्या गॅलऱ्या मोजत बसलो. ती गोष्ट म्हणजे वेळापत्रक. तिथला संघ या शनिवारी हरला तरी पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानात उतरतो. पहिल्या श्रेणीच्या सर्वांत वरच्या गटातला प्रत्येक संघ, मग तो अजिंक्य असो की सदापराभूत, एका हंगामात बारा सामने खेळतोच.

आधी इतिहास पाहू, कारण 'पैसा आला म्हणून खेळ आला' हे विधान इतिहासाचे आहे. अमेरिकेतला पहिला महाविद्यालयीन फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक गावी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. आजच्या खेळाशी त्याचे फारसे साम्य नव्हते. एकेका बाजूला पंचवीस खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळायला मनाई होती. बघायला शंभरएक माणसे होती, म्हणजे आपल्या आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्याला असतात त्याहून फार जास्त नव्हेत. रटगर्सने तो सामना ६-४ असा जिंकला. आठवड्याभराने हेच संघ प्रिन्स्टनच्या मैदानावर पुन्हा भेटले आणि या वेळी प्रिन्स्टनने ८-० अशी परतफेड केली. या खेळात जो संघ सर्वांत आधी हरला, त्याला आठवड्याभरात दुसरी संधी मिळाली, आणि त्याने ती साधली.

हार्वर्डचे काँक्रीटचे मैदान उभे राहिले १९०३ साली, मिशिगनचे १९२७ साली. म्हणजे पहिल्या सामन्यानंतर अनुक्रमे ३४ आणि ५८ वर्षांनी. मधल्या काळात काय होते? ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी, जवळजवळ दरवर्षी होणारे सामने होते. येल-हार्वर्ड, येल-प्रिन्स्टन अशा जोड्या वर्षानुवर्षे भिडत राहिल्या, म्हणून गावाला त्या तारखा पाठ झाल्या. तारखा पाठ झाल्या म्हणून माणसे जमू लागली. माणसे जमू लागली म्हणून तिकिटे लागली. मोंढा उभारला म्हणून शेतात कापूस पिकत नाही. पीक आधी येते, मग बाजार भरतो.

आता आपल्याकडे वळू. इथे मत मांडण्यापेक्षा गणित मांडलेले बरे, कारण गणिताशी हुज्जत घालता येत नाही. आपल्या आंतरमहाविद्यालयीन सांघिक स्पर्धा बहुतांशी बाद पद्धतीने होतात : हरला तो घरी. समजा, ६४ संघ उतरले. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होणार आणि शेवटी एकच उरणार, तेव्हा एकूण सामने ६३. ६४ पैकी ३२ संघ एकच सामना खेळून परततात, आणखी १६ संघ दोन सामने खेळून. म्हणजे तीन चतुर्थांश संघांची स्पर्धा दोन किंवा त्याहून कमी सामन्यांत आटोपली. दर संघामागे सरासरी काढली तर ती दोनपेक्षा किंचित कमी भरते. गंमत अशी की संघ आठ असोत, चौसष्ट असोत की चारशे, बाद पद्धतीत ही सरासरी कधीच दोनवर जात नाही. संघ वाढले की आयोजकांचा व्याप वाढतो, खेळाडूच्या वाट्याचा खेळ वाढत नाही.

याचा अर्थ एका मुलाच्या आयुष्यात काय होतो ते पाहा. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे चाळीस मिनिटांचा. वर्षाला सरासरी दोन सामने धरले तरी पदवीच्या तीन वर्षांत सहा सामने, म्हणजे चार तास. आणि ज्याचा संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत परततो, त्याच्या वाट्याला तीन वर्षांत दोन तास. या दोन तासांसाठी त्याने पहाटे उठून धावावे, आहार सांभाळावा, गुडघे फोडून घ्यावेत, ही आपली अपेक्षा. अमेरिकेत एकही पैसा क्रीडाशिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीच्या छोट्या कॉलेजातला पोरगासुद्धा वर्षाला दहा सामन्यांचा हंगाम खेळतो. चार वर्षांत चाळीस. त्याचे सामने टीव्हीवर नसतात. त्याच्या मैदानात लाख माणसे कधीच बसत नाहीत.

यावर जाणकारांचा एक आक्षेप येईल. आंतरविद्यापीठ विभागीय स्पर्धेत शेवटच्या चार संघांची साखळी खेळवतात, ते गणितात धरले का? धरू या. ६४ संघांतून चार उरेपर्यंत ६० सामने आणि चार संघांच्या साखळीचे ६, असे ६६. सरासरी १.९७ वरून २.०६ वर गेली. पण ही वाढ कोणाच्या पदरात पडली? जे आधीच चार सामने जिंकून आलेत त्यांच्या. पहिल्या दोन फेऱ्यांत परतलेल्या ४८ संघांच्या वाट्याला तेवढेच सामने राहिले. दुसरा आक्षेप असा की अमेरिकेतही कॉलेज बास्केटबॉलची मार्चमधली जगप्रसिद्ध स्पर्धा बाद पद्धतीचीच आहे. आहे खरी. पण तिथे पोहोचणारे ६८ संघ आधी तीसच्या आसपास सामने खेळून आलेले असतात. तिथे बाद फेरी हा हंगामाचा कळस असतो. आपल्याकडे पायाही तीच आणि कळसही तीच.

बाद पद्धतीचे समर्थक म्हणतात, निदान सर्वोत्तम संघ तरी निवडला जातो. तेही तपासून पाहावे. स्पर्धेतल्या इतर संघांशी दहापैकी सहा सामने जिंकण्याची कुवत असलेला संघ घ्या. म्हणजे इतरांहून स्पष्टपणे सरस. ६४ संघांच्या स्पर्धेत विजेतेपदासाठी त्याला सलग सहा सामने जिंकावे लागतील. तशी शक्यता शंभरात पाचपेक्षाही कमी. एखाद्या खेळाडूचा पाय मुरगळला, एखादा निर्णय विरुद्ध गेला, रात्रभरच्या प्रवासाने अंग आंबले, की वर्षाची मेहनत संपली. उलट ड्रॉमध्ये नशिबाने 'पुढे चाल' मिळालेला संघ न खेळता वरच्या फेरीत. या पद्धतीतून गुणवत्ता ओळखली जाते असे मानणे म्हणजे एका पावसावरून वर्षाचे पाऊसमान सांगणे.

आता 'मुलांना आच नाही' या मताकडे येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे येतात. परंडा किंवा भूम तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाचा खो-खो संघ डोळ्यांसमोर आणा. बारा-पंधरा मुले आणि सोबत एक शिक्षक. रात्रीच्या एसटीने निघायचे, पहाटे मध्यवर्ती बसस्थानकावर उतरायचे, नळावर तोंडे धुऊन मैदान गाठायचे, पात्रता अर्जावरचे शिक्के दाखवायचे. सामना साडेनऊचा. नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्या, मधली विश्रांती धरून तासाच्या आत निकाल. समजा, या संघाचा सर्वांत चपळ पळतीवाला दोन्ही वेळा खांबाजवळ सूर मारणाऱ्या आक्रमकाच्या हाती सापडला. कडेला बसलेल्या शिक्षकाला दुसऱ्याच मिनिटाला दिसले होते की पोरगा हुलकावणी देऊन दरवेळी एकाच बाजूने निघतो आणि समोरच्या संघाने ते हेरले आहे. ही चूक दुरुस्त व्हायला आठवडाभराचा सराव पुरे. पण दुरुस्त करून दाखवायची कुठे? पुढचा सामना पुढच्या वर्षी. तोवर पोरगा तृतीय वर्षाला गेलेला किंवा शिक्षण सोडून पुण्याला कामाला लागलेला.

खेळ शिकण्याची जागा सरावाचे मैदान नव्हे, दोन सामन्यांमधला आठवडा असते. हरलेल्या सामन्यातली चूक ताजी असते, अंगावरचे वळ ताजे असतात, पुढच्या प्रतिस्पर्ध्याची धास्ती असते. तेव्हा सांगितलेली गोष्ट डोक्यात शिरते. हा आठवडाच ज्याला कधी मिळाला नाही त्याच्या हाती शेवटी काय उरते? प्रमाणपत्र. वर्षात एक सामना आणि एक कागद मिळत असेल तर शहाणा माणूस कागदालाच जपणार. त्यात आच नसल्याचा पुरावा शोधणे म्हणजे उपाशी माणसाला खादाड म्हणण्यासारखे झाले. मुले प्रमाणपत्रासाठी खेळतात हे खरे धरले, तरी ती तशी का वागतात याचे उत्तर त्यांच्या स्वभावात नाही, ते आपण आखून दिलेल्या स्पर्धेत आहे.

पैसा आणि टीव्ही आणला तर? याचा प्रयोग होऊन गेला आहे, तोही थेट अमेरिकी फुटबॉलचा आणि त्यात महाराष्ट्राचा संघ विजेता ठरला होता. २०११ साली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाची घोषणा झाली. गुंतवणूकदारांत माईक डिटका आणि कर्ट वॉर्नर यांच्यासारखी त्या खेळातली दिग्गज नावे होती, हॉलिवूडचा मार्क वॉलबर्ग होता. आठ संघ ठरले. २०१२ चा पहिला हंगाम कोलंबोत खेळवला गेला आणि टेन स्पोर्ट्सवर दाखवला गेला. अंतिम सामन्यात पुणे मराठाज संघाने दिल्ली डिफेंडर्सला ६-० असे हरवले. आज पुण्यातल्या किती क्रीडाप्रेमींना हे विजेतेपद ठाऊक आहे? पैसा होता, कॅमेरे होते, शिरस्त्राणे आणि खांद्यांची कवचे होती. पाया मात्र नव्हता : आठवड्यामागून आठवडा आपापल्या गावात हा खेळ खेळणारी महाविद्यालये नव्हती. लीग रुजली नाही. 'आधी पैसा, मग खेळ' या सिद्धांताची याहून स्वच्छ परीक्षा कुठली असणार?

इथे प्रतिपक्ष प्रो कबड्डीचे उदाहरण पुढे करील, आणि करायलाच हवे. २०१४ साली टीव्हीने कबड्डीचे नशीब पालटले, हे कोण नाकारील? पण त्या लीगच्या पाठीशी काय होते ते पाहा. कबड्डी गावोगावच्या मंडळांत आणि तालमींत पिढ्यान्‌पिढ्या खेळली जात होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिचे प्रात्यक्षिक करून दाखवले होते. टीव्हीने तयार खेळ उचलला. आणि लीगमध्ये शिरल्यावर खेळाडूला काय मिळाले? मानधन मिळाले, पण त्याबरोबर सामनेही मिळाले. बारा संघांच्या हंगामात २०२४ पर्यंत साखळीतच प्रत्येकी बावीस. आज तीन वेळा पकडला गेलेला चढाईपटू दोन दिवसांनी नवी हुलकावणी घेऊन उतरतो. प्रो कबड्डीचे यश म्हणून जे दाखवले जाते, त्यातला मोठा वाटा तिच्या वेळापत्रकाचा आहे.

पैसा आणि प्रेक्षक यांच्याविनाही केवळ नियमित हंगामाच्या बळावर खेळ कसा वाढतो, याचे उदाहरण शोधायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. मुंबईत डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ साली कांगा लीग सुरू झाली. क्रिकेट जेव्हा देशात फारसे कुठे खेळले जात नाही अशा भर पावसाळ्यात, ओल्या, आच्छादन नसलेल्या खेळपट्ट्यांवर, आझाद मैदान आणि क्रॉस मैदानासारख्या ठिकाणी हे सामने होत आले. क्लबांचे गट पाडलेले. चांगला खेळ केला की वरच्या गटात बढती, वाईट केला की खाली घसरण. बघायला छत्री धरून उभे असलेले पाच-पन्नास लोक. मात्र पुढच्या आठवड्याचा सामना ठरलेला. मुंबईने रणजी करंडक ४२ वेळा जिंकला तो एकट्या कांगा लीगमुळे, असे कोणी म्हणणार नाही. पण कसोटीवीर आणि नवखे पोरगे एकाच चिखलात आठवड्यामागून आठवडा खेळतात, त्याचा त्या करंडकांशी काहीच संबंध नाही, असेही म्हणता येणार नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या प्रतिपक्षाला उत्तर द्यायला हवे. हे लोक म्हणतात, अमेरिकेचे नावच नको. तिथे फुटबॉलने विद्यापीठे नासवली. प्रशिक्षकाला कुलगुरूंच्या कित्येक पट पगार, खेळाडूंचे पडद्याआडचे व्यवहार, अभ्यासाच्या नावाने शिमगा. या आरोपांत तथ्य आहे आणि ते अमेरिकेलाही ठाऊक आहे. १९०५ पर्यंत मैदानावरची हिंसा इतकी वाढली होती की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाईट हाऊसमध्ये बोलावून घेतले. आज एनसीएए नावाने ओळखली जाणारी नियामक संस्था त्या खळबळीतून जन्मली. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा अख्खा हंगाम रद्द झाला. आणि २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर एकेका विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना मिळून पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम उघडपणे वाटण्याची मुभा मिळाली. हा धंदा आहे, आणि तो इथे आणावा असे सुचवणाऱ्यांनी त्याची किंमतही सांगावी.

पण धंदा नको म्हणून हंगामही नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. याचा दाखला शिकागो विद्यापीठाने दिला आहे. एके काळी हा बलाढ्य संघ होता; कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान मानला जाणारा हाइजमन करंडक १९३५ साली पहिल्यांदा दिला गेला तो शिकागोच्या जे बर्वांगरला. पुढे संघाची रया गेली. १९३९ मध्ये मिशिगनने त्यांना ८५-० असे धुतले. विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांना या खेळाचे ज्ञानसाधनेतले स्थान तसेही मान्य नव्हते. त्याच वर्षाअखेर त्यांनी फुटबॉल बंद केला. तीनच वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, त्याच ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या गॅलरीखाली एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळीक्रिया घडवली. खेळाला तुच्छ लेखणाऱ्यांना याहून चांगला दृष्टान्त मिळणार नाही, आणि तो ते वापरतातही. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९६९ साली शिकागोने फुटबॉल पुन्हा सुरू केला. आता तो तिसऱ्या श्रेणीत खेळला जातो. क्रीडाशिष्यवृत्ती नाही, लाखाचे मैदान नाही, पण दरवर्षीचा हंगाम आहे. नोबेल विजेत्यांनी गजबजलेल्या विद्यापीठाने धंदा टाकला आणि हंगाम ठेवला. दोन्ही वेगळे करता येतात, हे त्याने करून दाखवले.

खंडन इथे पुरे. मंडन करायचे तर इथल्या मातीतले हवे. संभाजीनगर शहरात देवगिरी, मिलिंद, मौलाना आझाद, सरस्वती भुवन, वसंतराव नाईक अशी महाविद्यालये एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. कबड्डी किंवा खो-खोचे आठ संघ घ्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे तर एकूण सामने २८ आणि प्रत्येक संघाला सात. एका मैदानावर शनिवारी चार सामने, असे सात शनिवार. याच आठ संघांची बाद फेरी सात सामन्यांत उरकते. म्हणजे प्रश्न आहे तो वाढीव एकवीस सामन्यांचा. त्यांना लागतात पंच, पंचांचे मानधन, पिण्याचे पाणी, फक्की आणि खो-खो असेल तर दोन खांब. प्रत्येक जिल्ह्यात असे गट पाडता येतील. बीडच्या संघाने बीडमध्ये खेळावे, धाराशिवच्या संघाने धाराशिवमध्ये. गटातले पहिले दोन संघ मग विद्यापीठाच्या मैदानावर बाद फेरी खेळायला येतील. दिवसभराच्या निवड चाचणीवरून विद्यापीठाचा संघ ठरवण्याऐवजी सात सामन्यांची नोंद निवड समितीसमोर असेल.

आक्षेप येणार. सत्र पद्धतीत वेळ कुठे आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने एका सत्रात अध्यापनाचे नव्वद दिवस असतात. त्यात सात शनिवार बसत नसतील तर अडचण वेळेची नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या राज्यातल्या आराखड्यात खेळाला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांकही ठेवले आहेत; ते श्रेयांक कशाच्या मोबदल्यात द्यायचे याचे उत्तर सात सामन्यांचा हंगाम देतो. दुबळे संघ सातही वेळा मार खातील, हा आक्षेप खरा आहे. त्याला कांगा लीगचे उत्तर आहे : अ आणि ब गट, आणि त्यांत दरवर्षी चढउतार. मग तळातल्या संघालाही शेवटच्या शनिवारी जिंकायला कारण उरते.

मुलींच्या संघांच्या बाबतीत तर हा बदल सर्वांत मोठा ठरेल. एका सामन्यासाठी दोन दिवस परगावी मुक्काम म्हटला की घरून परवानगी मिळता मिळत नाही आणि नऊ जणींचा संघ सातवर येतो. सामना तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी, संध्याकाळी घरी परत, असे असेल तर त्या नऊच्या पंधरा होतील. या भागात गुणवत्ता नाही असे म्हणायची सोय नाही. खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे धाराशिवची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवून जिंकला तेव्हा कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. अशा खेळाडू व्यवस्थेच्या फटींतून वर आल्या. किती जणी त्या फटींत अडकल्या, याची नोंद पहिल्या फेरीत बाद करणाऱ्या स्पर्धेकडे असूच शकत नाही.

शिखरावर पैसा ओतण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि त्यांना विरोध करायचे कारण नाही. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा चांगलीच आहे. पण सांघिक खेळांत तिथे पोहोचतात देशभरातले मोजके संघ. त्याने शिखर उंच होते, पायथ्याचा सामना वाढत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनाने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉलला, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या टक्कर-विरहित भावंडाला, जागा दिली. उद्या आपल्या महाविद्यालयांत त्याचेही संघ निघतील. निघोत. पण त्यांनाही आपण पहिल्याच दिवशी बाद फेरीत उतरवले तर त्यांचे भवितव्य आजच सांगता येते.

पुराव्याचा भार कोणावर, हाही वादाचाच भाग आहे. पैसा आणि प्रेक्षक आधी हवेत, असे म्हणणाऱ्यांना त्यांचा प्रयोग २०१२ मध्ये करून मिळाला. हंगाम आधी हवा, हा प्रयोग इथे अजून व्हायचा आहे आणि त्याला प्रायोजक लागत नाही, विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाच्या बैठकीतला एक ठराव लागतो. एका शहरात, एका खेळात, तीन वर्षे तो करून पाहावा. सात सामने हाती असूनही मुले प्रमाणपत्रापुरतीच आली, चौथ्या शनिवारी संघ फिरकले नाहीत, तर 'आच नाही' हे मत सिद्ध झाले असे मानायला मी तयार आहे. तोवर ते मत निव्वळ आरोप आहे, आणि ज्यांच्यावर तो आहे त्यांना उत्तर द्यायला आपण दुसरा सामनाच दिलेला नाही.